रविवारची मिस्सा संपल्यावर काय? कामगार पोरांच्या एका चळवळीची शंभर वर्षं

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात आजच्या एका अडचणीपासून करतो.

वसईत, मुंबईत, पुण्यात, कुठल्याही चर्चच्या युवा गटातल्या एखाद्या कार्यकर्त्याला विचारा, की बाबा, तुमचं खरं दुखणं काय? बहुतेक जण एकच सांगतील. नाताळचा गोठा उभा करायचा असेल, कॅरोल म्हणत घरोघरी फिरायचं असेल, क्रिकेटचे सामने असतील, तर पोरं येतात. रात्र रात्र जागतात. पण जानेवारी उजाडला की व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त 'गुड मॉर्निंग' उरतं. आणि ज्या दिवशी पोराला किंवा पोरीला नोकरी लागते, शिफ्ट सुरू होते, त्या दिवशी ती गटातून हळूच निसटतात. भांडून जात नाहीत हो. त्यांच्या नव्या आयुष्याचा आणि त्या गटाचा काही संबंधच उरत नाही, म्हणून जातात.

हे दुखणं आजचं नाही. शंभर वर्षांपूर्वी बेल्जियममधल्या एका धर्मगुरूला नेमका हाच प्रश्न छळत होता. शाळेत असेपर्यंत मुलगा मिस्सेला सेवक म्हणून उभा राहतो, ख्रिस्तशरीर घेतो, आणि कारखान्यात पाऊल टाकल्यावर वर्षभरात चर्चकडे पाठ फिरवतो. असं का होतं? त्या धर्मगुरूचं नाव जोसेफ कार्डाइन. आणि त्यानं काढलेल्या चळवळीचं नाव 'जॉक'. फ्रेंचमध्ये त्या नावाचा अर्थ साधा आहे: ख्रिस्ती कामगार युवा.

आजची गोष्ट त्या चळवळीची. तिच्यात एक पोप आहेत, एक कार्डिनल आहेत, पण खरी गोष्ट चौदा ते चोवीस वयाच्या पोरांची आहे.

कोळसेवाल्याचा मुलगा

कार्डाइनचा जन्म १३ नोव्हेंबर १८८२ चा, ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेकचा. बालपण गेलं हाले नावाच्या छोट्या गावात. वडील कोळसा विकायचे.

तो काळ डोळ्यांसमोर आणायचा असेल तर आपल्या गिरणगावाकडे बघा. मुंबईत १८८१ च्या कारखाना कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली. म्हणजे आठ वर्षांचं पोर कामाला लावणं कायदेशीर होतं! नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती १८९० साली. आणि युरोप फार पुढे होता असं समजू नका. बेल्जियममध्ये १८८९ चा कायदा आला, तेव्हा कुठे १२ वर्षांखालच्या मुलांना कारखान्याचं दार बंद झालं. त्यावरच्या पोरांना दिवसाला १२ तासांपर्यंत राबवता येत होतं. रविवारच्या सुट्टीचा कायदा तर तिथे १९०५ साली झाला. लोखंडे आधी आले, हे लक्षात ठेवा.

तर कार्डाइनच्या वर्गातली पोरं कारखान्यात गेली आणि हा सेमिनरीत गेला. त्याला पुढे शिकता यावं म्हणून वडिलांनी म्हातारपणी जादा कष्ट उपसले. सुट्टीत तो घरी यायचा. जुने सवंगडी भेटायचे, पण पूर्वीसारखे बोलायचे नाहीत. त्यांच्या नजरेत तो आता मालकांच्या बाजूला गेला होता. चर्च म्हणजे श्रीमंतांचं, धर्मगुरू म्हणजे त्यांचा माणूस, असा त्यांचा हिशेब. कार्डाइन हा अनुभव आयुष्यभर सांगत राहिला. शिव्या देणारी ही पोरं कोणी परकी नव्हती. ती त्याच्याच बाकावर बसलेली होती.

१९०३ साली वडील गेले. त्यांच्या मृत्युशय्येपाशी त्यानं शपथ घेतली, की माझं आयुष्य कामगारांसाठी. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. १९०६ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चर्चला कामगारांचं दुःख दिसतच नव्हतं असं नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढलं होतं. वाजवी मजुरी, संघटना करण्याचा हक्क, हे सगळं त्यात होतं. कागद तयार होता. पण तो कागद यंत्रापाशी उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या पोरापर्यंत पोचवणार कोण?

लाकेनच्या शिवणकामवाल्या मुली

१९१२ साली कार्डाइनची बदली झाली लाकेनच्या धर्मग्रामात. ब्रुसेल्सचाच हा भाग. गंमत बघा, याच लाकेनमध्ये बेल्जियमच्या राजाचा राजवाडा आहे, आणि तिथल्या नोत्र-दाम चर्चच्या तळघरात राजघराण्याच्या समाध्या. एका बाजूला राजवाडा, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या वस्त्या.

त्याच्याकडे जबाबदारी आली महिलांच्या गटांची. आणि म्हणून या चळवळीची पहिली पावलं मुलांनी नाही, मुलींनी टाकली. शिवणकाम करणाऱ्या, कारखान्यात जाणाऱ्या, शिकाऊ म्हणून राबणाऱ्या मुली. कार्डाइननं त्यांची छोटी अभ्यासमंडळं काढली. पुढे जॉकचा इतिहास लिहिला गेला तेव्हा मुलांची नावं ठळक झाली आणि या मुली मागे पडल्या. म्हणून आज आधी त्यांचं नाव घेतो.

या मंडळांत काय चालायचं? प्रवचन नव्हे. फादर प्रश्न विचारायचे. तुझ्या कारखान्यात किती मुली आहेत? किती वाजता यायचं, किती वाजता सुटायचं? मजुरी किती? मुकादम कसा बोलतो? पहिल्या दिवशी तुला काय ऐकावं लागलं? आठवडाभर डोळे उघडे ठेवा, वहीत लिहून आणा, पुढच्या बैठकीत बोलू.

आता विचार करा. ज्या पोरीला आजवर सगळे 'गप्प बस' म्हणत आले, तिला कोणीतरी विचारतंय, की तुला काय दिसलं ते सांग. आणि नुसतं विचारत नाहीये, तर तिची वही समोर ठेवून शुभवर्तमान वाचतंय.

लाकेनमध्येच त्याला फेर्नां तोने नावाचा तरुण भेटला. मग पोल गार्से आणि झाक मेर्त आले. हे तिघे तरुण आणि कार्डाइन, यांना या चळवळीचे पायाचे दगड म्हणायला हरकत नाही. मध्येच पहिलं महायुद्ध आलं. जर्मनांनी बेल्जियम व्यापलं, आणि कार्डाइन दोनदा तुरुंगात गेला. तिथे वाचन, टिपणं, आखणी सुरूच राहिली. युद्ध संपल्यावर १९१९ साली या तिघांनी तरुण कामगारांची संघटना उभी केली, आणि १९२४-२५ मध्ये तिला 'जॉक' हे नाव मिळालं.

पाहा, पारखा, पाऊल उचला

या चळवळीची पद्धत तीन शब्दांत मावते. माझ्या मराठीत सांगतो: पाहा, पारखा, पाऊल उचला.

पाहा म्हणजे आपल्या कामाच्या जागी नक्की काय चाललंय ते बघा. ऐकीव नको. आकडे, तास, नावं, प्रसंग. पारखा म्हणजे जे दिसलं ते शुभवर्तमानाच्या प्रकाशात धरा. हे असंच असायला हवं का? देवानं या पोराला ज्या योग्यतेचं केलंय, ती योग्यता इथे दिसते का? आणि पाऊल उचला म्हणजे या आठवड्यात, आपल्याला झेपेल असं, एक काहीतरी करा. पुढच्या बैठकीत येऊन सांगा काय झालं.

ऐकायला सोपं वाटतं. पण यातली क्रांती कुठे आहे ते बघा. तोवर धार्मिक संघ म्हणजे काय, तर तरुणांना वाईट जगापासून लांब ठेवायचं. संध्याकाळी चर्चच्या सभागृहात बोलवायचं, खेळ, गाणी, नाटक, मग प्रार्थना, मग घरी. कार्डाइनचं म्हणणं उलटं होतं. तो म्हणायचा, की आठवड्याचे साठ-सत्तर तास पोरगा कारखान्यात असतो, आणि आपण त्याच्या उरलेल्या दोन तासांची काळजी करतोय. देव काय फक्त त्या दोन तासांत भेटतो? त्याच्या मते यंत्र हीच तरुण कामगाराची वेदी होती, आणि एका तरुण कामगाराची किंमत जगातल्या सगळ्या सोन्याहून जास्त होती.

दुसरी क्रांती अशी, की कामगारांना शुभवर्तमान सांगायचं ते कामगारांनीच. त्यांच्यातल्यांनी, त्यांच्यासाठी. फादर मागे बसणार. बैठक चालवणार सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. चुकेल, अडखळेल, पण तोच चालवणार.

आणि पाऊल उचलायचं म्हणजे तरी काय? नेहमीच संप नव्हे. शाळा सोडून पोरगा शनिवारी घरी येतो आणि सोमवारी कारखान्यात जातो. त्या पहिल्या दिवशी जुने कामगार त्याची टर उडवतात, घाणेरडे विनोद ऐकवतात. मग गटातल्या एकानं त्याच्यासोबत जायचं, डबा खाताना शेजारी बसायचं. आजारी सोबत्याच्या घरी जाऊन यायचं. बचतीची सोय करायची. शिकाऊ मुलांना कायद्यानं काय मिळायला हवं याची माहिती काढायची, ती छापून वाटायची. छोट्या छोट्या गोष्टी, पण रोजच्या.

दोन्ही बाजूंनी मार

हे काही सुखासुखी झालं नाही. समाजवाद्यांना वाटायचं, चर्च आमची पोरं पळवतंय. कारखानदारांना वाटायचं, हा फादर पोरांना भडकवतोय. आणि सगळ्यात जड विरोध होता घरातला. बेल्जियममध्ये कॅथलिक तरुणांची एक मोठी संघटना आधीपासून होती, सगळ्या वर्गांची मिळून. वेगळी कामगारांची चूल कशाला? यानं चर्चमध्येच वर्गभेद येईल, अशी टीका झाली. कार्डिनल मेर्सिए, ज्यांनी कार्डाइनला दीक्षा दिली होती, तेसुद्धा साशंक होते.

त्यांची शंका अगदीच चुकीची होती असं मला वाटत नाही. चर्च सगळ्यांचं, मग गट वेगळे का, हा प्रश्न आजही आपल्याकडे निघतो. पण कार्डाइनचा अनुभव असा होता, की एकत्र गटात वकिलाचा मुलगा बोलतो आणि कामगाराचा मुलगा ऐकतो. त्याला स्वतःचा आवाज सापडावा म्हणून काही काळ स्वतःची खोली लागते.

१९२५ च्या वसंतात कार्डाइन रोमला गेला आणि पोप अकरावे पायस यांच्यासमोर उभा राहिला. तो पुढे सांगायचा, की मी कामगारांसाठी मरायला तयार आहे असं म्हटल्यावर पोप महाशयांना आनंद झाला, कारण मूठभर निवडक लोकांची नव्हे तर कामगारांच्या अफाट समूहाची गोष्ट त्यांच्याशी करणारा कोणीतरी शेवटी आला होता. पोपचा पाठिंबा मिळाला आणि विरोध मावळला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रुसेल्सला जॉकचं पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरलं. १९२७ साली पॅरिसजवळच्या क्लिशीत फ्रान्समधला पहिला गट निघाला, झॉर्झ गेरँ या धर्मगुरूच्या मदतीनं. दहा वर्षांत फ्रान्सच्या गावोगावी गट झाले.

मार्सेल

अशाच एका गावात, ब्रिटनी प्रांतातल्या रेनमध्ये, मार्सेल कालो नावाचा मुलगा होता. जन्म ६ डिसेंबर १९२१. नऊ भावंडांतला दुसरा. तेराव्या वर्षी छापखान्यात शिकाऊ म्हणून लागला. मोठ्या कामगारांच्या घाणेरड्या बोलण्यानं त्याला नकोसं व्हायचं. मग तो जॉकमध्ये आला, आणि काही वर्षांत आपल्या धर्मग्रामाच्या गटाचा प्रमुख झाला. हट्टी होता, शिस्तीचा होता, आणि फुटबॉल, नाटक, पत्ते यांतही रमायचा. विसाव्या वर्षी गटातल्याच एका मुलीशी त्याचं लग्न ठरलं.

मग युद्ध. फ्रान्स नाझींच्या ताब्यात. फेब्रुवारी १९४३ मध्ये कायदा आला, की तरुणांनी सक्तीनं जर्मनीत जाऊन कारखान्यात काम करायचं. ८ मार्चला रेनवर बॉम्ब पडले, त्यात मार्सेलची बहीण गेली. आणि दहा-अकरा दिवसांत, १९ मार्च १९४३ ला, मार्सेलला निघावं लागलं.

पळून गेला असता तर? अनेक जण गेले. पण त्याचा मोठा भाऊ धर्मगुरू होण्याच्या उंबरठ्यावर होता. मार्सेल पळाला असता तर घरच्यांवर सूड उगवला गेला असता, भावाची दीक्षा अडली असती. तो गेला, आणि जाताना घरच्यांना सांगून गेला, की मी नुसता कामगार म्हणून जात नाही, धर्मदूत म्हणून जातोय.

त्याला धाडलं झेला-मेलिस या गावी, पिस्तुलं बनवणाऱ्या कारखान्यात. बराकीत राहायचं, अर्धपोटी राबायचं. पहिले तीन महिने तो पार खचला. मिस्सा नाही, सोबती नाहीत, बहिणीचं दुःख ताजं. पत्रांमधून ते दिसतं. मला मार्सेलची गोष्ट आवडते ती याच तीन महिन्यांमुळे. तो जन्मजात पोलादी नव्हता.

मग त्याला कळलं, की एका खोलीत रविवारी मिस्सा होते. तिथे जाऊ लागला आणि हळूहळू सावरला. आणि सावरल्यावर त्यानं काय केलं? तेच, जे जॉकमध्ये शिकला होता. आजूबाजूला बघितलं. बराकीत पोरं एकटी पडलीत, काही बिघडतायत, काही आजारी आहेत. त्यानं गट बांधला. खेळ ठेवले, नाटक बसवलं, आजाऱ्यांची सेवा सुरू केली, फ्रेंच भाषेतली मिस्सा महिन्यातून एकदा व्हावी अशी व्यवस्था केली.

आपण याला 'युवा गटाचा कार्यक्रम' म्हणू. नाझींच्या हिशेबात हा गुन्हा होता. कारण ज्याला तोडून, एकटं पाडून यंत्राला जुंपायचं होतं, त्याला हा पोरगा परत माणसांत आणत होता. डिसेंबर १९४३ मध्ये बर्लिनहून हुकूम निघाला, की परदेशी कामगारांमधलं हे कॅथलिक काम मोडून काढा. १९ एप्रिल १९४४ ला गेस्टापोनं मार्सेलला अटक केली. कारण सांगितलं गेलं ते असं, की हा माणूस फारच जास्त कॅथलिक आहे.

गोथाचा तुरुंग, मग फ्लॉसेनबुर्ग, मग माउटहाउझेनची छळछावणी. तिथे जमिनीखालच्या बोगद्यांत विमानांचं काम. १९ मार्च १९४५ ला मार्सेल गेला. घर सोडून बरोबर दोन वर्षं झाली होती, आणि तो दिवस होता संत योसेफाच्या सणाचा. वय तेवीस.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला डाखाऊच्या छळछावणीत आणखी दोन माणसं मेली: फेर्नां तोने आणि पोल गार्से. होय, लाकेनचे तेच दोघे. कार्डाइनसुद्धा १९४२ साली पुन्हा तुरुंगात जाऊन आला होता. तो जगला. ज्यांना त्यानं पोरं म्हणून हाताशी धरलं, ते गेले.

१९८७ साली, प्रापंचिकांच्या जीवनावर रोममध्ये बिशपांची सभा चालू असतानाच, पोप दुसरे जॉन पॉल यांनी मार्सेलला 'धन्यवादित' म्हणून घोषित केलं.

पद्धत पुढे गेली, चळवळ अडखळली

युद्धानंतर जॉक जगभर पसरली. १९५७ साली रोममध्ये तीस हजारांहून जास्त तरुण कामगार जमले. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात पाहा, पारखा, पाऊल उचला ही पद्धत नाव घेऊन सगळ्या चर्चपुढे ठेवली. लाकेनच्या मुलींच्या वहीतून निघालेली गोष्ट पोपच्या परिपत्रकात पोचली!

मग दुसरी व्हॅटिकन परिषद, १९६२ ते १९६५. प्रापंचिक म्हणजे फक्त फादरांचं ऐकणारे नव्हेत, त्यांना स्नानसंस्कारातूनच स्वतःचं कार्य मिळालेलं आहे, हे परिषदेनं ठामपणे मांडलं. त्यामागे जॉकसारख्या चळवळींचा अनुभव होता. याच परिषदेमुळे मिस्सा लोकभाषेत आली. आज आपण मराठीत मिस्सा ऐकतो, मराठीत प्रतिसाद देतो, त्याचा उगम तिथे आहे. परिषद चालू असतानाच, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईत आले होते, जागतिक ख्रिस्तप्रसाद महोत्सवासाठी. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, ओव्हल मैदानाच्या आठवणी निघतील.

१९६५ साली कोळसेवाल्याच्या मुलाला कार्डिनल केलं गेलं, वयाच्या ८२ व्या वर्षी. २४ जुलै १९६७ ला तो वारला. त्याला पुरलं ते लाकेनच्या त्याच चर्चमध्ये, जिथे राजे झोपलेत.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान सुफळ संपूर्ण झाली असती. पण इतिहास आहे, आरती नाही. म्हणून पुढचंही सांगतो.

साठ-सत्तरच्या दशकांत जॉकमध्ये ताण वाढला. 'पाऊल उचला' म्हणजे कुठवर? ब्राझीलमध्ये १९६४ नंतर लष्करी राजवट आली, तिथल्या जॉकच्या पोरांना अटका झाल्या, छळ झाला. अशा ठिकाणी राजकारणापासून लांब राहणं शक्यच नव्हतं. पण दुसरीकडे काहींना वाटू लागलं, की चळवळीत विश्लेषण उरलंय आणि प्रार्थना हरवतेय. रोमशी संबंध ताणले गेले. शेवटी १९८६ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर चळवळ दुभंगली आणि दुसरी समन्वय संघटना निघाली. त्यातच युरोपातले मोठे कारखाने बंद होत गेले. ज्या पोरांसाठी हे सगळं होतं, ती पोरंच त्या दारातून जायची थांबली.

मला यातून दिसतं ते असं. तीन पायांचं स्टूल आहे हे. फक्त 'पाहा' उरलं तर तक्रारी होतात. फक्त 'पारखा' उरलं तर प्रवचन होतं. फक्त 'पाऊल उचला' उरलं तर धावपळ होते, आणि आपण कशासाठी धावतोय हेच विसरायला होतं.

मग आपलं काय?

आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या कॅथलिक चळवळीमुळे ही पद्धत कानावर आलेली असते. शिबिरात ती शिकवतातही. पण बहुतेकदा ती फळ्यावर राहते. तिची गरज मात्र आज जास्त आहे, आणि याचं कारण आपलं काम बदललंय.

आपल्यातला कोणी रात्रीच्या शिफ्टला हेडफोन लावून अमेरिकेतल्या ग्राहकाशी बोलतो. कोणी मॉलमध्ये बारा तास उभी असते. कोणी ॲपवर ऑर्डर घेऊन दुचाकीवर फिरतो, आणि त्याचा मुकादम म्हणजे फोनमधलं एक गणित. विरारची लोकल पकडायला पहाटे निघणारा पोरगा रविवारी झोपतो, आणि आपण म्हणतो, याची श्रद्धा कमी झाली. गेल्या आठवड्यात तुझं कसं गेलं, हे त्याला कोणी विचारलंय का? २०२५ मध्ये नवे पोप निवडले गेले आणि त्यांनी चौदावे लिओ हे नाव घेतलं. कारण त्यांनीच सांगितलं: तेराव्या लिओंनी कारखान्यांच्या युगाला उत्तर दिलं, आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात माणसाच्या श्रमाचा प्रश्न पुन्हा उभा आहे. म्हणजे हा विषय जुना झालेला नाही.

आणि आपल्या मातीत असं कधी झालंच नाही असंही नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती आठवा. विहिरी, झाडं, टँकर, जमिनी, हे प्रश्न चर्चच्या भिंतीबाहेरचे म्हणून सोडून दिले नाहीत. ती चळवळ कार्डाइनकडून आली असं मी म्हणत नाही. पण तिनं विचारलेला प्रश्न त्याच जातीचा होता: आमच्या डोळ्यांसमोर जे चाललंय, त्याविषयी आमची श्रद्धा काही बोलते की नाही?

गोठा करू नका, कॅरोल बंद करा, असं मी अजिबात म्हणणार नाही. मार्सेलनंसुद्धा बराकीत नाटकच बसवलं होतं. आनंद हवाच. फक्त तो आनंद कुणापर्यंत पोचायला हवा हे त्यानं आधी बघितलं होतं.

तुमच्या गटात करून बघायचं असेल तर एक साधी गोष्ट सांगतो. सहा-सात जण पुरेत. महिन्यातली एक संध्याकाळ, शिफ्टवाल्यांना जमेल अशी. फोन टोपलीत. पहिला अर्धा तास प्रत्येकानं आपल्या कामावरचा किंवा कॉलेजातला एकच खरा प्रसंग सांगायचा, आणि बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. मग त्या आठवड्याचं शुभवर्तमान वाचायचं आणि विचारायचं, त्या प्रसंगात येशू कुणाच्या शेजारी उभा राहिला असता? आणि उठायच्या आधी प्रत्येकानं एक छोटं काम ठरवायचं. नवीन लागलेल्या पोरीसोबत डबा खाणं. पगाराची चिठ्ठी नीट वाचायला एकमेकांना मदत करणं. तीन महिने न दिसलेल्या मित्राच्या घरी जाणं, 'का येत नाहीस' असं न विचारता, नुसतं जाणं. पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच: काय झालं?

फादरांना बोलवा, पण मागच्या खुर्चीवर बसवा. चांगले फादर असतील तर त्यांना राग येणार नाही.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गटातून कोण निसटलंय, त्याचं नाव आत्ता मनात आलं असेल तर हा भाग त्याला फॉरवर्ड करत बसू नका. त्याला फोन करा. पुढच्या भागात भेटू.